हाताने घडवलेल्या बुद्धिबळाच्या संचांना नाव कोणतं द्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या घराच्या मागच्या पडवीत तुम्ही आणि तुमचे वडील लेथवर बुद्धिबळाचे संच घडवता. काळे मोहरे शिसमाचे, पांढरे हेदूचे, आणि घोडे वडील पटाशीने कोरतात. आजवर संच ओळखीपाळखीत गेले, आता ऑनलाइन विकायचे आहेत, पण नाव ठरत नाही. 'रॉयल चेस क्राफ्ट', 'चेकमेट हँडीक्राफ्ट्स', 'सयाजी चेस', 'संखेडा चेस', 'बुद्धिबळ' आणि 'अडीच घरं' एवढी नावं यादीत उरली आहेत. वडिलांचा जीव 'सयाजी'त अडकलाय, तुमचा 'चेकमेट'मध्ये.

मी बडोद्यातच लहान कारागिरांसाठी नावं, लेबलं आणि खोकी करतो, आणि बरीच वर्षं हेच करत आलोय. हातात घेतल्यावर खाली ठेववत नाही असा माल नुसत्या नावापायी मागे पडलेला मी पाहिला आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या यादीतलं एकही नाव मी घेणार नाही, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं आहे.

आधी आपल्या मालाचा स्वभाव बघा. चांगला लाकडी संच माणूस आयुष्यात एकदा घेतो, फार तर कुणाला भेट द्यायला दुसऱ्यांदा. चहाच्या पुड्यासारखं तुमचं नाव दर महिन्याला त्याच्या डोळ्यांसमोर येणार नाही. त्यामुळे नावाची खरी गरज दोनदाच पडते. एकदा, घरी आलेला पाहुणा घोडा उचलतो, मानेवरून बोट फिरवतो आणि विचारतो, "कुठून आणलात हो हा?" आणि दुसऱ्यांदा, काही वर्षांनी एखादं प्यादं हरवतं किंवा उंटाचं टोक तुटतं आणि बदली मोहरा हवा असतो. दोन्ही वेळी तुमचं खोकं समोर नसतं, बिल तर नसतंच. पहिल्या वेळी नाव त्या माणसाच्या तोंडून सहज निघायला हवं. दुसऱ्या वेळी ते मोहऱ्यावरच वाचता यायला हवं. यादीतलं प्रत्येक नाव या दोन प्रसंगांत उभं करून बघा, निम्मं काम तिथेच होतं.

'रॉयल' आणि 'चेकमेट' पहिल्याच प्रसंगात पडतात. आपल्याकडे लाकडी मोहऱ्यांचं मोठं केंद्र अमृतसर. जगभर जाणारे संच तिथे घडतात. या धंद्यातल्या नावांत रॉयल, किंग, क्राउन, मेट, ग्रँडमास्टर हे शब्द फिरून फिरून येतात. पाहुण्याच्या लक्षात 'रॉयल काहीतरी' एवढंच राहील. घरी जाऊन तो शोधेल तेव्हा भलत्याचंच दुकान उघडेल, आणि तुमच्या वडिलांचा घोडा आवडलेलं गिऱ्हाईक तिसरीकडून संच घेईल. कायदाही पाठीशी उभा राहत नाही. ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम ९ प्रमाणे मालाचा प्रकार, दर्जा, उपयोग किंवा उगमस्थान एवढंच सांगणारं नाव सहसा नोंदलं जात नाही. दीर्घ वापराने त्याला स्वतंत्र ओळख मिळाल्याचं सिद्ध करता आलं तरच वाट मोकळी होते. 'रॉयल' ही स्तुती, 'चेस' हा माल, 'क्राफ्ट' हा प्रकार. यात तुमचं असं काय उरलं? 'चेकमेट' त्यापेक्षा बरं, पण तो खेळाचाच शब्द खेळाच्याच मालावर, आणि ज्याला त्याला सुचलेला. 'हँडीक्राफ्ट्स' ही शेपटी तर कोणत्याच नावाला लावू नका. हाताचं काम आहे हे फोटोत दिसतं, आणि यंत्रावर कापलेल्या मालालाही हल्ली तीच शेपटी असते.

नावात किती ताकद असते हे याच धंद्याने फार पूर्वी पाहिलं आहे. ज्याला आपण स्टाँटन घाट म्हणतो, म्हणजे आज स्पर्धांत दिसणारा मोहऱ्यांचा नेहमीचा आकार, तो नमुना लंडनमध्ये १ मार्च १८४९ रोजी नॅथॅनिएल कुक यांच्या नावे नोंदला गेला. घडवून बाजारात आणला तो जॉन जेक्स यांच्या कारखान्याने. आणि नाव मात्र दिलं हॉवर्ड स्टाँटन यांचं, कारण ते त्या काळचे अव्वल खेळाडू होते, वृत्तपत्रात बुद्धिबळाचा स्तंभ लिहीत होते, खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. खोक्यावरच्या लेबलावर त्यांच्या सहीची नक्कल असे. लोकांनी ते नाव असं उचललं की पुढे ते त्या घाटाचंच नाव होऊन बसलं. आज जगातला कुठलाही कारागीर 'स्टाँटन' म्हणून संच विकतो. तेव्हा 'स्टाँटन घाटाचे मोहरे' असं खोक्यावर जरूर छापा, गिऱ्हाईक तोच शब्द टाकून शोधतं. पण ते वर्णन म्हणून. व्यवसायाच्या नावात तो शब्द नको.

त्याच कारखान्याची दुसरी सवय मला जास्त शिकण्यासारखी वाटते. ते पांढऱ्या राजाच्या बैठकीच्या कडेवर 'जेक्स लंडन' असा बारीक ठसा उमटवत. जुने संच पारखणारे आजही राजा डोळ्यांजवळ नेऊन आधी ती कडा बघतात. घडवणाऱ्याचं नाव आणि गाव, एवढंच. त्याच काळात राजाच्या बाजूचा हत्ती आणि घोडा वेगळे ओळखू यावेत म्हणून त्यांच्यावर इवलासा मुकुट उमटवायचीही रीत होती. मोहऱ्यावर खूण करणं या कामाच्या परंपरेतच आहे, त्याचा संकोच नको.

आता 'सयाजी'. वडिलांची भावना मला पूर्ण समजते. बडोद्याच्या मराठी घरात हे नाव देव्हाऱ्याजवळच असतं. महाराजा सयाजीराव तिसरे यांची कारकीर्द १८७५ ते १९३९. हाताच्या कामाला शाळेत मानाची जागा देणारं कलाभवन १८९० मध्ये त्यांच्याच राज्यात उघडलं. पण याच प्रेमापोटी शहरात बाग सयाजी, रुग्णालय सयाजी, आणि दुकानं तर विचारू नका. शहरातल्या माणसाला त्या नावाने तुमची वेगळी ओळख पटणार नाही. आणि बाहेरच्याला राजघराण्याशी तुमचा काही संबंध आहे असं वाटेल, जो नाही. वडिलांना सांगा की महाराजांचा आणि कलाभवनाचा उल्लेख संचासोबतच्या माहितीपत्रकात चांगल्या दोन परिच्छेदांत करूया. तिथे तो शोभेल.

याच ओघात एक सावधगिरी सांगून ठेवतो, कारण मराठी माणूस नाव शोधायला बसला की तिथे जातोच. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र व्यापारी नावात वापरण्यावर १९५० च्या कायद्याने बंधन आहे. खेळाडूंच्या नावांचंही तसंच. दिव्या देशमुखने २०२५ चा महिला विश्वचषक जिंकला, गुकेश २०२४ मध्ये जगज्जेता झाला. त्यांच्या नावाने एखादा संच काढावा असं वाटणं साहजिक आहे. पण हयात व्यक्तीच्या, किंवा मृत्यूला २० वर्षं झाली नाहीत अशा व्यक्तीच्या नावासाठी ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १४ खाली लेखी संमती मागितली जाऊ शकते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी न विचारता दुसऱ्याच्या मेहनतीवर आपला माल विकू नये.

'संखेडा' का नको हे थोडक्यात सांगतो. संखेड्याचं लाखेचं, कातीव सागवानी फर्निचर जगप्रसिद्ध आहे आणि त्याला भौगोलिक मानांकन आहे. तुमचं काम ना संखेड्यात होतं, ना त्या पद्धतीचं आहे. लेथ दोघांचा, एवढ्या नात्यावर ते नाव घेणं तिथल्या खरादी कुटुंबांवर अन्याय होईल, आणि तक्रार आली तर तुमची बाजू लंगडी पडेल.

'बुद्धिबळ' हे नाव मला आतून आवडतं, आणि तरीही नको म्हणतो. ट्रेडमार्कची अडचण तर आहेच, मालाचंच नाव ते. पण खरी अडचण मोहऱ्यावर दिसते. तुमचा राजा स्पर्धेच्या मापाचा, म्हणजे साधारण साडेनऊ सेंटिमीटर उंचीचा धरू. फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, मापाप्रमाणे बैठकीचा व्यास उंचीच्या ४० ते ५० टक्के, म्हणजे चार सेंटिमीटरच्या आसपास. तळाला वजनासाठी शिसं भरून वर फेल्ट, म्हणजे मऊ जाड कापड, चिकटवलेलं, तिथे नाव घालता येत नाही. आणि फेल्ट नसतं तरी तळाला लाकडाचा आडवा छेद येतो, त्यात शाई पसरते. उरते ती बैठकीची उभी कडा. तिच्यावर अक्षराला मिळणारी उंची जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर, आणि समोरून एका नजरेत दिसणारी लांबी तीन-चार सेंटिमीटर.

एवढ्या जागेत 'बुद्धिबळ' उमटवून बघा. वर वेलांटी, खाली उकार, मध्ये द्ध. वरखालच्या मात्रांना जागा दिली की मूळ अक्षर एक मिलिमीटरवर येतं. तापवलेला पितळी ठसा लागला की ब च्या पोटातली रेघ आणि द्ध ची गाठ जळून एक होतात, आणि उरतो एक तपकिरी डाग. देवनागरी मोहऱ्यावर सुंदर दिसते, पण नाव जोडाक्षरांशिवायचं आणि कमीत कमी मात्रांचं असेल तरच. शिवाय कडा गोल असल्याने सपाट ठसा मधल्याच अक्षरांना नीट लागतो. मोहरा ठशावर हळू गडगडवावा लागतो, तेव्हा कुठे पहिलं आणि शेवटचं अक्षर सारखं उमटतं. नाव जितकं लांब तितकं हे काम बिघडतं. हेदूच्या पिवळसर लाकडावर जळकी खूण छान उठते, शिसमावर ती दिसतच नाही. म्हणून ठसा फक्त पांढऱ्या राजावर करा, काळ्याला हात लावू नका.

'बुद्धिबळ'मधल्या ळ ची अडचण घराबाहेर पडल्यावर कळते. गुजरातीत ळ आहे, त्यामुळे इथे काही जाणवत नाही. दिल्ली-लखनौचा माणूस तो ल म्हणतो आणि रोमन लिपीत तर तो नाहीसाच होतो. तुमचं गिऱ्हाईक चेन्नईतला प्रशिक्षक असेल, इंदूरचा निवृत्त प्राध्यापक असेल, जर्मनीतला हौशी संग्राहक असेल. प्रत्येक जण रोमनमध्ये टाइप करूनच तुम्हाला शोधणार आहे. माझ्याकडे लाकडी खेळणी करणाऱ्या एक ताई आल्या होत्या, नावात क्री आणि ङ्ग दोन्ही. पार्सल करणारा मुलगा एक स्पेलिंग लिहायचा, बँकेत दुसरं, इन्स्टाग्रामवर तिसरं. लोक शोधत होते, पण त्यांना ताई सापडत नव्हत्या. रंग, आकार, वजन काही न बदलता आम्ही फक्त नाव सुटसुटीत केलं, आणि चौकशीचे फोन नीट यायला लागले.

हीच चाचणी घरी करता येते. नाव फोनवर एकदाच सांगा, स्पेलिंग न सांगता, आणि समोरच्याला इंग्रजीत लिहून पाठवायला सांगा. एक गुजराती शेजारी, एक हिंदी भाषक, एक दक्षिणेतला मित्र आणि एखादी शाळकरी मुलगी एवढी माणसं पुरतात. चौघांनी चार प्रकारे लिहिलं तर ते नाव कितीही गोड असो, सोडून द्या.

'अडीच घरं' याच चाचणीत पडतं, आणि त्याचं मला सर्वांत वाईट वाटतं. कल्पना तुमच्या यादीत सर्वांत ताजी आहे. घोड्याची चाल, त्यात वडिलांनी कोरलेले घोडे, सगळं जुळून येतं. पण 'अडीच' रोमनमध्ये लिहून इंग्रजी वाचणाऱ्याला दाखवा. तो ते जसं तोडून वाचेल ते वडिलांसमोर सांगता येणार नाही. हिंदी करून 'ढाई घर' घ्यावं तर पंजाबात ते खत्र्यांतल्या एका गटाचं नाव आहे, आणि मोहऱ्यांचा बाजार नेमका त्याच मुलखात. मराठी गिऱ्हाइकासाठी माहितीपत्रकाच्या वर 'अडीच घरं' असं शीर्षक द्या, वाचणारा खूश होईल.

मग घ्यावं काय? मला विचाराल तर 'रावपुरा'.

नुसतं 'रावपुरा'. पुढे-मागे चेस नाही, क्राफ्ट नाही. तुमच्या यादीत हे कुठेच नव्हतं, बहुधा रोज पत्त्यात लिहून लिहून ते नाव म्हणून दिसेनासं झालं असावं. या भागाचं नाव बुद्धिबळाशी कुणी जोडलेलं नाही, म्हणून जोडणारे पहिले तुम्ही. जोडाक्षर नाही, वेलांटी नाही, खाली एकच उकार. त्या दोन मिलिमीटरच्या कडेवर ते स्वच्छ उमटेल. रोमनमध्ये सात अक्षरं, आणि इंग्रजीत 'राओपुरा' असं रुळलेलं स्पेलिंग आधीच आहे, तेच घ्या. कुणी व्ही घालून लिहिलं तर त्यासाठी दुसरं डोमेन घेऊन मूळ पत्त्यावर वळवा, खर्च किरकोळ असतो. गुजराती, हिंदी, तमिळ, जर्मन, कुणाचीही जीभ त्यावर अडखळणार नाही. आणि वडिलांना जे हवं आहे, आपल्या कामावर आपल्या बडोद्याची खूण, ती यात 'सयाजी'पेक्षा जास्त खरी आहे. 'बडोदा चेस' मी सुचवत नाही, कारण शहराचं नाव सगळ्यांचं. आणि १९७४ पासून सरकारी नाव वडोदरा, जुन्या लोकांच्या तोंडी बडोदा, त्यामुळे शोधणाराही दोन ठिकाणी विभागला जातो.

उणी बाजूही सांगतो. ठिकाणाच्या नावाला कलम ९ खाली हरकत येऊ शकते. रावपुरा मोहऱ्यांसाठी प्रसिद्ध नाही, हा तुमच्या बाजूचा मुद्दा आहे, पण ट्रेडमार्क निबंधक तो मान्य करतीलच असं नाही. म्हणून नुसत्या शब्दावर विसंबू नका, सोबत एक खूण करा. वडिलांच्या घोड्याची बाजूने दिसणारी रेघ, मान आणि आयाळ एवढीच, हे त्यांच्याच हाताचं चिन्ह आहे. शब्द आणि ती रेघ मिळून अर्ज करा. शेजारच्या दुकानदाराला त्याच्या पत्त्यात रावपुरा लिहिण्यापासून तुम्ही कधीच अडवू शकणार नाही, आणि अडवायचंही नाही.

हे घरात कुणालाच पटलं नाही तर 'अंबारी'चा विचार करा. हत्तीच्या मोहऱ्याशी नातं आहे, जोडाक्षर नाही, आणि मराठी, गुजराती, हिंदी, कानडी सगळ्यांना माहीत. कर्नाटकात त्या नावाने बस धावतात, पण ट्रेडमार्क मालाच्या वर्गागणिक असतो. बस आणि मोहरे एका वर्गात येत नाहीत. 'कंगोरा'ही मनात आला होता, हत्तीच्या माथ्यावरची ती दातेरी कडा. पण रोमनमध्ये ते कांगारू आणि कांगडा या दोघांच्या मध्ये कुठेतरी घुटमळतं, म्हणून मागे ठेवलं.

लाकडाचं नाव मात्र घेऊ नका, कितीही मोह झाला तरी. शिसम ज्या डालबर्जिया वंशातलं, तो जवळपास सगळा वंश २०१७ पासून साइट्स कराराच्या, म्हणजे दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. परदेशी माल पाठवताना वजनाची मर्यादा आणि कागदपत्रं बघावी लागतात, आणि उद्या तुम्ही काळ्या मोहऱ्यांसाठी दुसरं लाकूड घ्याल. त्या दिवशी शिसमाचं नाव खोटं ठरेल. उलट काम वाढून लेथ मकरपुऱ्याच्या औद्योगिक भागात गेला तरी सुरुवात रावपुऱ्यात झाली हे खरंच राहतं. संचांना वेगवेगळी भारदस्त नावं द्यायच्या फंदातही पडू नका. राजाची उंची लिहा आणि लाकूड लिहा. गिऱ्हाईक नाहीतरी तेच विचारतं.

आता कामाचा क्रम. ट्रेडमार्क कार्यालयाच्या सार्वजनिक शोधात नाव टाकून बघा, शब्दाने आणि उच्चाराने, दोन्ही प्रकारे. रोमन आणि देवनागरी, दोन्ही बघा. खेळ आणि खेळणी वर्ग २८ मध्ये येतात, तोच तुमचा मुख्य वर्ग; लाकडी वस्तूंसाठी २० आणि दुकानदारीसाठी ३५ यांवरही नजर टाका. मग ऑनलाइन बाजारांत तेच नाव मोहऱ्यांसोबत टाकून बघा, कारण नोंदणी नसली तरी तुमच्याआधीपासून वापरणाऱ्याचा हक्क कलम ३४ खाली टिकतो. सगळीकडे मोकळं दिसलं की त्याच दिवशी डोमेन आणि सोशल मीडियावरची नावं घेऊन ठेवा. जीएसटी किंवा उद्यम नोंदणीत नाव चढलं म्हणजे ते आपलं झालं असं बरेच जण समजतात. तसं होत नाही, हक्कासाठी ट्रेडमार्कच लागतो. वैयक्तिक किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये. गुजरातचे अर्ज अहमदाबाद कार्यालयाकडे जातात. ट्रेडमार्क जर्नलमध्ये नाव प्रसिद्ध झाल्यावर हरकतीसाठी चार महिने असतात, आणि नोंदणी १० वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण करता येतं. चिन्हासकट अर्ज करणार असाल तर तासाभरासाठी का होईना, एखाद्या ट्रेडमार्क वकिलाला मसुदा दाखवा.

अर्ज केल्यापासून नावापुढे टीएम लिहायला हरकत नाही. वर्तुळातला आर मात्र नोंदणी हातात पडल्यावरच; त्याआधी लावलं तर कलम १०७ खाली दंड होऊ शकतो. पितळी ठसा हा सगळा शोध संपल्यावर करायला टाका. आणि ठसेवाल्याकडून नमुना घ्याल तो कागदावर घेऊ नका; हेदूचा चार सेंटिमीटरचा कातलेला तुकडा सोबत न्या आणि त्याच्या कडेवर उमटवून मागा.